दंडावरची पट्टी आणि डोळ्यांवरची पट्टी

टोनी ॲडम्स या इंग्लिश फुटबॉलपटूचा विषय निघाला की तीन प्रकारची माणसे आपापली ठरलेली वाक्ये बोलू लागतात. पहिल्या प्रकारची माणसे म्हणतात, दारू पिऊन गाडी चालवली, तुरुंगात गेला. असल्या माणसाला संघाचा कर्णधार ठेवायलाच नको होते. दुसऱ्या प्रकारची माणसे म्हणतात, पीत होता हे खरे, पण जिंकत होता ना? मैदानावर चोख होता, बाकीचे त्याचे खासगी आयुष्य. अलीकडे यांत तिसऱ्या प्रकारच्या माणसांची भर पडली आहे. ती कौतुकाने मान डोलवीत म्हणतात, बघा, मनाचा खंबीर माणूस काय करू शकतो! ठरवले आणि सोडली!

आमचे स्पष्ट मत असे की, ही तिन्ही मते चुकीची आहेत. आणि चूक एवढ्यावरच थांबत नाही, ती घातकही आहेत. पहिले मत आजाऱ्याला गुन्हेगार ठरवून मोकळे होते. दुसरे मत त्याच आजाऱ्याला कामाला जुंपून मोकळे होते. तिसरे मत तो बरा झाल्यावर त्याच्या मिरवणुकीत सामील होते आणि त्याला कोणी, कसे आणि किती काळ बुडू दिले हा प्रश्न विचारण्याचे टाळते. तिन्ही मतांचे धनी स्वतः मात्र कोरडे राहतात.

बचावपटूचे काम

प्रथम हा माणूस कोण ते सांगणे प्राप्त आहे. आपल्याकडे फुटबॉल आवडीने पाहणाऱ्यांनाही गोल करणाऱ्यांची नावे पाठ असतात, गोल अडविणाऱ्यांची नसतात. १० ऑक्टोबर १९६६ रोजी लंडनच्या पूर्वेस रमफर्ड येथे जन्मलेला हा मुलगा डॅगनमच्या कामगार वस्तीत वाढला. १९८० मध्ये शाळकरी खेळाडू म्हणून तो आर्सेनल क्लबात दाखल झाला. ५ नोव्हेंबर १९८३ रोजी, सतरा वर्षे पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, तो सन्डरलंडविरुद्ध पहिल्या विभागातील आपला पहिला सामना खेळला. १९८७ मध्ये त्याची इंग्लंडच्या संघात निवड झाली आणि त्याच वर्षी व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने त्यास वर्षातील उत्कृष्ट तरुण खेळाडू म्हणून गौरविले. १ जानेवारी १९८८ रोजी व्यवस्थापक जॉर्ज ग्रॅहम यांनी त्याच्या दंडावर कर्णधाराची पट्टी बांधली. तेव्हा त्याचे वय होते अवघे २१. ती पट्टी २००२ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे चौदा वर्षांहून अधिक काळ, त्याच्याच दंडावर राहिली. क्लब एकच, सामने ६६९. आर्सेनलच्या इतिहासात त्याच्याहून अधिक सामने खेळलेला एकच खेळाडू आहे, तोही बचावपटूच, डेव्हिड ओलिअरी.

बचावपटूचे काम मोठे विलक्षण असते. आघाडीच्या खेळाडूने नव्वद मिनिटांत एकदा चमक दाखविली तरी तो नायक ठरतो. बचावपटूने एकोणनव्वद मिनिटे डोळ्यांत तेल घालून पहारा दिला आणि एका मिनिटात त्याचे पाऊल चुकले तर तो खलनायक ठरतो. त्याच्या यशाची खूण म्हणजे काही न घडणे. आणि न घडलेल्या गोष्टीचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापता येत नाही.

त्या काळी आर्सेनलची बचावफळी म्हणजे उजवीकडे ली डिक्सन, डावीकडे नायजेल विन्टरबर्न, मध्ये ॲडम्स आणि त्याच्या जोडीला स्टीव्ह बोल्ड किंवा मार्टिन कीओन. १९९० पासून त्यांच्या मागे गोलरक्षक डेव्हिड सीमन. या फळीचे मुख्य शस्त्र होते ऑफसाइडचा सापळा. प्रतिपक्षाचा चेंडू पुढे सुटण्याच्या नेमक्या क्षणी चौघांनी मिळून एका ओळीत पुढे सरकायचे आणि हल्लेखोराला आपल्या पाठीमागे एकटा उघडा पाडायचा. यात चौघांपैकी एकाचे पाऊल क्षणभर मागे राहिले तर उरलेल्या तिघांची मेहनत पाण्यात जाते. ओळ केव्हा सरकवायची, कोण मागे राहिला आहे, कोणाला हाक मारायची हे ठरविणारा माणूस म्हणजे कर्णधार ॲडम्स. १९९०-९१ च्या हंगामात या फळीने ३८ सामन्यांत अवघे १८ गोल होऊ दिले आणि संपूर्ण साखळीत संघाने एकच सामना गमावला.

दुसऱ्याचे पाऊल ओळीबाहेर पडले की तत्काळ हाक मारणे हा ज्या माणसाचा व्यवसाय होता, त्याचे स्वतःचे पाऊल मैदानाबाहेर वर्षानुवर्षे चुकत राहिले. त्याला हाक मारणारे मात्र त्या ओळीत कोणी नव्हते.

गाढवाचे कान आणि दारूचा वास

१९८९ च्या एप्रिल महिन्यात मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या बरोबरीत सुटलेल्या सामन्यात ॲडम्सने दोन गोल केले, एक प्रतिपक्षावर आणि एक चुकून स्वतःच्याच संघावर. दुसऱ्या दिवशी 'डेली मिरर' या वर्तमानपत्राने त्याच्या छायाचित्राला गाढवाचे कान जोडून ते छापले. पुढे कित्येक वर्षे परक्या मैदानांवर हजारो प्रेक्षक त्याला पाहताच गाढवासारखे ओरडत. त्याच महिन्यांत हाच माणूस बेसुमार पीत होता. त्याचा स्वयंगोल साऱ्या देशाला दिसला; त्याचा पेला कोणाला दिसला नाही, किंवा दिसूनही त्यात काही वावगे वाटले नाही. चेंडू चुकला तर गाढव आणि दारू चढली तर मर्द, असा हा न्याय होता.

न दिसण्याचे कारण उघड आहे. त्या काळच्या इंग्लिश फुटबॉलमध्ये पिणे हा अपवाद नव्हता, तो रिवाज होता. आर्सेनलमध्ये तर बुधवारी सुटी म्हणून मंगळवारच्या सरावानंतर खेळाडूंनी मिळून पिण्याला 'ट्यूसडे क्लब' असे लाडके नावच पडले होते. एकत्र पिण्याने संघ बांधला जातो, असे तत्त्वज्ञान त्यामागे सांगितले जाई. जो अधिक पिऊनही दुसऱ्या दिवशी धावतो तो अधिक मोठा गडी. अशा मंडळीत कर्णधार हा सर्वांत पुढे असणार हे ओघानेच आले. पिणे हे त्याच्या पुढारीपणाच्या आड येत नव्हते. ते त्याच्या पुढारीपणाचा भाग मानले जात होते.

६ मे १९९० रोजी एसेक्स परगण्यातील रेले येथे ॲडम्सची मोटार रस्त्याकडेच्या भिंतीवर आदळली. त्याच्या रक्तातील मद्याचे प्रमाण कायद्याने घालून दिलेल्या मर्यादेच्या चौपटीहून अधिक निघाले. १९ डिसेंबर १९९० रोजी साउथएंडच्या न्यायालयाने त्यास चार महिन्यांची कैद ठोठावली. निम्मी शिक्षा भोगून १५ फेब्रुवारी १९९१ रोजी तो चेम्सफर्डच्या तुरुंगातून बाहेर पडला.

येथे पहिल्या मताच्या मंडळींना आमचे उत्तर असे: शिक्षा झाली ती योग्यच झाली. त्या भिंतीच्या जागी एखादे मूल उभे असते तर? फुटबॉलपटू म्हणून कोणाला सवलत मिळू नये, हे निर्विवाद आहे. परंतु शिक्षा झाली म्हणजे काम झाले, असे समजणारांनी पुढचा हिशेब पाहावा. तुरुंगातून सुटल्यावर ॲडम्सचे पिणे थांबले नाही. ते आणखी साडेपाच वर्षे चालू राहिले. आठ आठवड्यांच्या कोठडीने त्याच्या हातचा पेला काढून घेतला. त्याची तहान काढून घेतली नाही. तहानेवर कोठडी हा उपाय नव्हे, हे १९९१ मध्ये वैद्यकशास्त्राला ठाऊक होते. मद्यपाश हा आजार आहे आणि तो आजारी माणसांनी एकमेकांच्या आधाराने आटोक्यात ठेवता येतो, हा अनुभव सांगणारी 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही चळवळ अमेरिकेत १९३५ सालीच उभी राहिली होती. आपल्या पुण्यात 'मुक्तांगण' १९८६ मध्ये सुरू झाले. लंडनसारख्या शहरात १९९१ साली मार्ग ठाऊक नव्हता असे कोणी म्हणू नये.

निष्ठा कोणाशी?

आता दुसऱ्या मताकडे वळू. या मताचे लोक म्हणतात, आर्सेनल क्लबाने आपल्या कर्णधाराला संकटकाळी टाकून दिले नाही, तुरुंगातून परतताच त्याची पट्टी त्याला परत दिली. याहून मोठी निष्ठा कोणती?

आम्ही विचारतो, ही निष्ठा नेमकी कोणाशी होती? टोनी ॲडम्स नावाच्या चोवीस वर्षांच्या तरुणाशी, की आर्सेनलच्या बचावफळीतल्या मधल्या जागेशी? १९९०-९१ च्या त्या हंगामात संघाने जो एकमेव सामना गमावला तो २ फेब्रुवारी १९९१ रोजी चेल्सीविरुद्ध. म्हणजे कर्णधार तुरुंगात असताना. हा निव्वळ योगायोगही असेल. तथापि क्लबाच्या दृष्टीने कर्णधार मैदानावर परतणे किती निकडीचे होते, हे समजायला एवढा दाखला पुरे. तो परतला, संघाने विजेतेपद पटकावले आणि प्रश्न संपला. जिंकणाऱ्याला कोणी प्रश्न विचारत नाही. विजयासारखा दुसरा पडदा नाही.

न्यायालयाने त्याला कोठडी दिली, क्लबाने पट्टी दिली, प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या. ज्याची गरज होती तो उपचार कोणीच दिला नाही. शिक्षा आणि शाबासकी यांच्यामध्ये एक तिसरी वाट असते, आणि ती वाट दाखविणाऱ्याला आपण मित्र म्हणतो. ती वाट दाखविल्यावाचून परत दिलेली पट्टी दंडावर बांधली गेली असेल, पण ती साऱ्यांच्या डोळ्यांवर बसली.

याहून गंभीर गोष्ट पुढे घडली. १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये याच संघातील आघाडीचा खेळाडू पॉल मर्सन याने आपण मद्य, कोकेन आणि जुगार यांच्या आहारी गेलो असल्याचे जाहीर केले. इंग्लिश फुटबॉल संघटनेने त्यास खेळापासून दूर ठेवून उपचारासाठी पाठविले. म्हणजे व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार आहे आणि उपचार घेऊन खेळाडू परत येऊ शकतो, हे त्याच क्लबाच्या, त्याच खोलीत सिद्ध झाले. त्यानंतरही कर्णधाराचे पिणे जवळजवळ दोन वर्षे चालू राहिले. शेजारच्या खाटेवरचा रोगी दाखविला जातो आणि दुसऱ्याची नाडीही पाहिली जात नाही, याला निष्ठा म्हणावयाचे असेल तर निष्ठेसाठी दुसरा शब्द शोधावा लागेल.

"पण तो जिंकत तर होता!" या युक्तिवादाचाही निकाल लावणे अवश्य आहे, कारण घरोघरी हाच युक्तिवाद वेगवेगळ्या तोंडांनी केला जातो. कर्णधार म्हणून पीत असतानाच्या साडेआठ वर्षांत ॲडम्सने १९८९ व १९९१ ची विजेतेपदे, १९९३ चे दोन्ही देशांतर्गत चषक आणि १९९४ चा युरोपीय चषकविजेत्यांचा चषक उंचावला. मद्य सोडल्यानंतरच्या सहा वर्षांत, म्हणजे वयाच्या तिशीनंतर, जेव्हा बचावपटूचे गुडघे बोलू लागतात तेव्हा, १९९८ आणि २००२ अशी दोनदा विजेतेपद आणि एफ. ए. चषक ही जोड-कमाई त्याने केली. तरुणपणी पीत असताना एकदाही त्याला ती साधली नव्हती. १८ गोलांच्या ज्या हंगामाचा दाखला दिला जातो, त्याला उत्तर म्हणजे १९९८-९९ चा हंगाम: ३८ सामन्यांत १७ गोल. तीच फळी, आठ वर्षांनी म्हातारी झालेली आणि एका गोलाने सरस.

यावर कोणी म्हणेल, हे श्रेय ऑक्टोबर १९९६ मध्ये आलेले फ्रेंच व्यवस्थापक आर्सेन वेंगर यांचे. ते आम्हांस मान्य आहे. आणि आमचा मुद्दा त्याने दुबळा न होता बळकटच होतो. वेंगर यांचे आईवडील आल्सास प्रांतातील आपल्या गावात पेयगृह चालवीत. दारू माणसाचे काय करते हे त्यांनी लहानपणीच पाहिले होते. त्यांनी खेळाडूंचा आहार, व्यायाम आणि विश्रांती यांना शिस्त लावली, आणि तिशी ओलांडलेल्या बचावपटूंच्या कारकिर्दी वर्षानुवर्षांनी लांबल्या. याचा अर्थ इतकाच की, पूर्वीचे यश दारूमुळे नव्हते, दारू असूनही होते. शिडात भोक असतानाही होडी धक्क्याला लागली म्हणून भोकाचे गोडवे गाऊ नयेत.

खंबीरपणाचे खोटे पोवाडे

आता तिसरे मत. हे मत ऐकायला सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत फसवे.

१९९६ च्या जूनमध्ये युरोपीय स्पर्धेत इंग्लंडचे नेतृत्व ॲडम्सने केले. वेम्बलीवर उपांत्य फेरीत जर्मनीकडून पेनल्टी किकवर पराभव झाला. त्यानंतर तो पुन्हा दारूत बुडाला, पूर्वी कधी बुडाला नव्हता इतका खोल. ऑगस्टच्या मध्यास त्याने शेवटचा पेला घेतला. सप्टेंबरमध्ये क्लबाच्या सहखेळाडूंना एकत्र बोलावून त्याने सांगितले की, मी मद्यपाशी आहे. पुढे तो नेमाने सभांना जाऊ लागला, त्याने वाचनाला आणि पियानो शिकण्याला वेळ दिला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ॲडिक्टेड' या आत्मचरित्रात त्याने आपल्या पिण्याचा हिशेब काहीही न लपविता मांडला. तुरुंग, पडझड, उद्ध्वस्त संसार, सारे.

आता यात 'मनाचा खंबीरपणा' कोठे आहे ते दाखवावे. खंबीरपणा तर त्याच्याजवळ पूर्वीपासून होता. तुरुंगातून येऊन विजेतेपद उचलणारा माणूस खंबीर नसतो काय? गाढव म्हणून ओरडणाऱ्या हजारोंसमोर दर शनिवारी उभा राहणारा माणूस खंबीर नसतो काय? किंबहुना तोच खंबीरपणा त्याचा घात करीत होता. मी सांभाळू शकतो, मला कोणाची गरज नाही, मी कर्णधार आहे, असे सांगणारा आवाज खंबीरपणाचाच होता. ज्या दिवशी त्याने सर्वांदेखत 'हे मला एकट्याला पेलत नाही' असे कबूल केले, त्या दिवशी तो वाचला. बलवान होऊन नव्हे, दुबळेपणा मान्य करून.

म्हणूनच 'ठरवले आणि सोडली' हे वाक्य आम्हांस निर्दय वाटते. ते वाक्य ऐकणाऱ्या प्रत्येक मद्यपाशी माणसाला आणि त्याच्या बायकोला मागच्या दाराने सांगते की, तुझ्या घरचा माणूस सुटत नाही, कारण तो मनाचा कच्चा आहे. आणि मग तो कच्चेपणाची लाज लपविण्यासाठी अधिक पितो. ॲडम्स स्वतः या वाक्याच्या आहारी गेला नाही, हे त्याचे थोरपण. २००० साली त्याने व्यसनाधीन खेळाडूंसाठी 'स्पोर्टिंग चान्स' नावाचे उपचारकेंद्र उभे केले. माझ्यासारखे खंबीर व्हा, असे व्याख्यान देत तो गावोगाव फिरला नाही. खाटा मांडल्या, समुपदेशक नेमले, पुढे जुगाराच्या व्यसनात सापडलेल्यांनाही आसरा दिला. आमच्या मते त्याच्या कारकिर्दीतील सर्वोत्कृष्ट बचाव तो हाच. २०११ साली आर्सेनलच्या मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभारला गेला. हात पसरून उभा असलेला कर्णधार. पुतळा योग्यच आहे. परंतु त्या पुतळ्याखाली क्लबाने आपल्या मौनाचाही एक दगड बसवावयास हवा होता.

ज्यांनी पेला भरला त्यांचा हिशेब

इथवर आम्ही माणसांबद्दल बोललो. आता खेळाच्या मालकांबद्दल बोलू, कारण खरा वाद त्यांच्याशी आहे.

३ मे १९९८ रोजी आर्सेनलने एव्हर्टनला ४-० असे हरवून विजेतेपद निश्चित केले. शेवटचा गोल ॲडम्सचा. बोल्डने उचलून दिलेला चेंडू घेऊन हा मधला बचावपटू आघाडीवीरासारखा पुढे घुसला आणि डाव्या पायाने त्याने चेंडू जाळ्यात धाडला. वीस-एकवीस महिने मद्याला न शिवलेला तो माणूस थोड्याच वेळात चषक उंचावून उभा राहिला. त्या स्पर्धेचे अधिकृत नाव काय होते? 'एफ. ए. कार्लिंग प्रीमियरशिप'. कार्लिंग ही बिअर आहे. १९९३ ते २००१ पर्यंत इंग्लंडची सर्वोच्च साखळी स्पर्धा एका बिअरच्या नावाने खेळली गेली. १९९८ पासून पाच वर्षे लीग चषकावर 'वर्थिंग्टन' या दुसऱ्या बिअरचे नाव होते, त्यानंतर पुन्हा कार्लिंगचे. लिव्हरपूलच्या खेळाडूंनी १९९२ ते २०१० पर्यंत छातीवर कार्ल्सबर्ग बिअरचे नाव वागविले. मद्यपाशातून सुटलेल्या कर्णधाराचे ज्या व्यासपीठावर कौतुक झाले, ते व्यासपीठच पेल्यावर उभे होते. याहून कठोर विनोद आम्हांस ठाऊक नाही.

खेळाचे मालक म्हणतील, जाहिरात म्हणजे सक्ती नव्हे, कोणाच्या तोंडात आम्ही दारू ओतत नाही. खरे आहे. परंतु दहा वर्षांचा मुलगा आपल्या लाडक्या कर्णधाराचा सदरा अंगात घालतो तेव्हा तो जाहिरात म्हणून घालत नाही, भक्ती म्हणून घालतो. त्या भक्तीचे भाडे कोण वसूल करतो, हा प्रश्न आहे. मद्याच्या पैशावाचून मोठा खेळ चालूच शकत नाही, हेही खोटे. फ्रान्सने १९९१ च्या कायद्याने खेळांतून मद्याची जाहिरात हद्दपार केली. त्याच फ्रान्समध्ये १९९८ चा विश्वचषक भरला आणि यजमानांनी तो जिंकलाही. उलट ब्राझीलने २०१४ च्या विश्वचषकासाठी मैदानांवरील बिअरबंदीचा आपला नियम बाजूस सारला, कारण पुरस्कर्त्याला तो अडचणीचा होता. एका देशाने खेळाला आपल्या कायद्यात बसविले, दुसऱ्याने कायद्याला खेळाच्या दारात बसविले. मालकांना लाज कधीच वाटत नाही असेही नाही. जुगाराच्या कंपन्यांची नावे सदऱ्याच्या पुढच्या बाजूवरून २०२५-२६ च्या हंगामाअखेर काढून टाकण्याचे प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०२३ च्या एप्रिलमध्ये मान्य केले. मात्र ती लाज सदऱ्याच्या पुढच्या बाजूपुरतीच. बाह्या तशाच मोकळ्या.

हे सारे साता समुद्रांपलीकडचे, असे समजून वाचकांनी पान उलटू नये. १९९८ साली कोलकात्याचे दोन्ही ऐतिहासिक क्लब मद्याच्या एकाच उद्योगसमूहाच्या आश्रयाला गेले. मोहन बगानपुढे 'मॅकडॉवेल' लागले आणि ईस्ट बंगालपुढे 'किंगफिशर'. २००८ पासून क्रिकेटच्या मैदानावर एका व्हिस्कीच्या नावाचा संघ खेळू लागला आणि मुलांनी ते नाव कौतुकाने तोंडपाठ केले. आपल्या देशात दूरचित्रवाणीवर मद्याच्या जाहिरातीला बंदी, म्हणून तेच नाव सोड्याला आणि पाण्याच्या बाटलीला चिकटविण्याची चतुराई सर्वांच्या परिचयाची आहे.

दोन आक्षेप

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप प्रामाणिकपणे घेतले जातील. त्यांना उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

पहिला आक्षेप असा: ॲडम्सने स्वतः कधी क्लबाला दोष दिला नाही, आपल्या पिण्याची जबाबदारी त्याने आपल्याच शिरावर घेतली. मग तुम्ही कोण? यावर आमचे म्हणणे असे की, जबाबदारी स्वतःवर घेणे हा बऱ्या होणाऱ्या माणसाचा धर्म आहे. त्याच्या बऱ्या होण्याची ती अटच आहे. परंतु रोग्याने कुरकुर केली नाही म्हणून दवाखान्याची तपासणी थांबत नाही. त्याने आपला हिशेब चुकता केला. म्हणजे इतरांचा हिशेब माफ झाला असे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: १९९१ मध्ये क्लबाने पट्टी काढून घेतली असती, तर तो तरुण कोसळला असता, फुटबॉल हाच त्याचा एकमेव आधार होता. शक्य आहे. म्हणूनच पट्टी काढून घ्यायला हवी होती असे आमचे म्हणणे नाही. पट्टी बांधणाऱ्या हाताने त्याचा हात धरून त्याला वैद्याकडे न्यायला हवे होते, एवढेच आमचे म्हणणे आहे. १९९६ मध्ये काय घडले? त्याने कबुली दिली, उपचार घेतला आणि पट्टी दंडावर तशीच राहिली. वेंगर यांनी ती काढली नाही. म्हणजे कर्णधारपद आणि उपचार एकत्र नांदू शकतात, हे त्याच क्लबात सिद्ध झाले. जे १९९६ ते २००२ पर्यंत शक्य झाले, ते १९९१ मध्ये कोणी करूनच पाहिले नाही. मधली साडेपाच वर्षे एका तरुणाच्या आयुष्यातून गेली. ती कोणत्या चषकाने भरून येणार?

आपल्या धर्मग्रामात

ॲडम्ससारखे कर्णधार प्रत्येक वस्तीत असतात. त्यांच्या दंडावर पट्टी नसते इतकेच. कोणी घरातला कर्ता असतो, कोणी मंडळाचा उत्साही कार्यकर्ता असतो, कोणी लग्नात सर्वांची सरबराई करणारा मामा असतो. हा मनुष्य कामाला वाघ आहे, म्हणून त्याच्या पिण्याबद्दल बोलायचे नाही, असा एक अलिखित करार आपण त्याच्याशी करतो. तो पडला की त्याला नावे ठेवतो, उठला की टाळ्या वाजवितो. मधल्या काळात त्याच्या दारावर थाप मात्र मारीत नाही. आणि ती थाप मारण्याची वाट लांबही नाही. आपल्या कित्येक चर्चच्या आवारांत, शाळांच्या वर्गखोल्यांत संध्याकाळी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा भरतात. रविवारी त्या दारावरून आपण शेकडोंनी जातो. त्या दारापर्यंत शेजाऱ्याला सोबत करणारे किती?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. ज्या मंडळाला किंवा क्लबाला मुलांच्या हाती चेंडू द्यावयाचा आहे, त्याने मद्याच्या वा जुगाराच्या पैशाने ती स्पर्धा भरवू नये; बक्षीस लहान झाले तरी चालेल. ज्या संघात कर्णधार नेमला जातो, त्या संघात कर्णधारालाही 'आज तुझे पाऊल ओळीबाहेर आहे' असे निर्भयपणे सांगणारा एक वडीलधारा नेमलेला असावा. ज्याने आपला आजार कबूल केला, त्याची जागा राखून ठेवावी, आणि ज्याने कबूल केलेला नाही त्याच्या पराक्रमाच्या आड त्याचा आजार लपवू नये. विजय मिळाल्याच्या संध्याकाळी पेले वाटून आनंद साजरा करण्याची पद्धत बंद करावी. जिंकलेल्या संघात कोणाचा तो शेवटून दुसरा पेला असू शकतो आणि कोणाचा पहिला, हे आपणांस कधीच ठाऊक नसते.

बचावफळीचा नियम ॲडम्सने जन्मभर पाळला: ओळीतला एक मागे राहिला तर दोष एकट्याचा नाही, हाक न मारणाऱ्याचाही आहे. मैदानावर हा नियम सर्वांना मान्य आहे. मैदानाबाहेर तो मान्य करावयास आपण कशाची वाट पाहत आहोत?